घर नसलेलं दार

"आता मी जे सांगतो ते तू कुठंही लिही, कुणाचा विश्वास बसायचा नाही," मिस्त्री म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "माझाच बसत नाही, आणि दार तर मीच केलं होतं."

"बाबा, मी कामात आहे," मुलगा म्हणाला.

"मग मी कुठं आड येतोय? तू कर की काम. मी भिंतीला सांगतो."

मुलाला घरात सगळे पिक्सेल म्हणत. हे नाव त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे टाइल्सच्या दुकानवाल्या दाजींनी ठेवलं होतं. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात बारीक ठिपका, हे कळलं त्या दिवशीच त्यांनी ठेवलं, म्हणजे त्यात प्रेम किती आणि चिमटा किती हे ज्याचं त्यानं ओळखावं. पिक्सेल लोकांना वेबसाइट करून देत असे. चाळिशीला टेकल्यावर त्यानं कंपनीची नोकरी सोडली आणि बापाच्या बंद पडलेल्या सुतारखान्यात आपलं ऑफिस थाटलं. टेबल म्हणून बापानं त्याला एक जुनं, न बसवलेलं सागवानी दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून दिलं होतं. कुलपासाठी पाडलेल्या भोकातून कॉम्प्युटरची वायर खाली जात असे. मिस्त्रींनी आयुष्यभर दारंच केली. खिडकी करा म्हणून कुणी आलं तर सरळ सांगत, "खिडकीतून पाहुणा येत नाही. तिथं माझं काय काम?"

पिक्सेलचा एक ब्लॉग होता. वेबसाइट कशी असावी, अक्षर केवढं, रंग कुठला, हे सगळं तो त्यात समजावून सांगे. हिशेब सरळ होता. लोक वाचतील, परत येतील, परत येता येता विश्वास बसेल, आणि विश्वास बसला की काम देतील. यातलं पहिलं घडत होतं. लोक येत, वाचत आणि जात ते जातच. लग्नाच्या हॉलमध्ये चुकून शिरलेला माणूस वधूवरांची नावं वाचून जसा मागच्या मागे निघतो, तसे.

परत कसे आणायचे हे पिक्सेलला कळेना. त्यानं पान काळं केलं, मग पांढरं केलं. अक्षरं मोठी केली. प्रत्येक लेखाखाली इतर लेखांच्या लिंक लावल्या. आठवडाभरानं आकडे पाहिले तर एक वाचक रोज येऊन सगळ्या लिंक दाबत होता. पिक्सेल हरखला. मग लक्षात आलं की लिंक चालतात की नाही हे तपासायला तो स्वतःच रोज दाबत होता. शेवटी त्यानं एक चौकट बसवली, वाचकानं पानावर पाऊल ठेवताच समोर येणारी, 'आपला ईमेल द्या, नवीन लेख कळवू' अशी. ती त्याच्या आईला दिसली. आईच्या फोनवर हा ब्लॉग त्यानंच लावून दिला होता, आणि ती अधूनमधून उघडून मुलगा काय करतो ते पाही.

"माणूस उंबऱ्यात उभा नाही तोच त्याला पत्ता विचारतोस?" आई म्हणाली. "अरे, आधी बस तर म्हण."

चौकट काढली. फरक काहीच पडला नाही. दाजी येता-जाता डोकावून जात. "पिक्सेलराव, महिनाअखेरपर्यंत बघा. नाहीतर आमचा काउंटर आहेच. गिऱ्हाईक टाइल्स बघतं, जातं, पण बायकोला घेऊन परत येतं. तुमचं तसं नाही दिसत."

काउंटरवर बसायचं म्हणजे दाजींच्या हाताखाली, आणि दाजींच्या हाताखाली म्हणजे रोज चारचौघांत पिक्सेल म्हणवून घ्यायचं. त्यापेक्षा पडद्यावरचा ठिपका बरा, असं त्याला वाटे. तर त्या दुपारी तो जीव तोडून लेख लिहीत होता. विषय होता, बटण हे बटणासारखंच का दिसावं. आणि शेजारी मिस्त्री भिंतीला सांगत होते.

"एका बँकेचं दार होतं. मॅनेजर हौशी. म्हणाला, मिस्त्री, दाराला दोन्ही बाजूंनी पितळी मुठी पाहिजेत, सारख्या, शोभेला. मी म्हटलं, साहेब, मूठ म्हणजे ओढ, आणि सपाट पट्टी म्हणजे ढकल. दार माणसाशी बोलतं ते असं. दोन्हीकडून ओढ म्हणालात तर ते बिचारं करेल काय? ऐकतोय कोण. बसवल्या मुठी. पहिल्याच दिवशी मॅनेजर आतून ओढतोय आणि बाहेरून गिऱ्हाईक ओढतंय. आधी एक गिऱ्हाईक. मग त्याची कंबर धरून दुसरं. मग रांगच. आतून कॅशियर लागले, क्लार्क लागले. दुपारपर्यंत रस्सीखेच. पोलीस आला, त्याला वाटलं स्पर्धा आहे, त्यानं बाहेरच्यांची बाजू धरली. दार ना आत ना बाहेर. आणि तेवढ्यात आतून एक आवाज आला…"

मिस्त्री थांबले.

"अगं, चहा टाकतेस का?" त्यांनी घराच्या दिशेनं हाक दिली.

दाराशी उभी राहून ऐकत असलेली आई पदर सावरत आत गेली. ही या घराची जुनी रीत होती. गोष्ट ऐन भरात आली की मिस्त्रींचा घसा कोरडा पडे.

पिक्सेलची बोटं मधेच थबकली होती. मूठ म्हणजे ओढ, पट्टी म्हणजे ढकल. बटणाबद्दल त्याला जे दोन पानांत सांगता येत नव्हतं ते म्हातारा एका वाक्यात सांगून मोकळा झाला होता. त्यानं बँकेची गोष्ट ऐकली तशी लेखाच्या शेवटी टंकून टाकली, आवाज आला तिथपर्यंत. मग उठता उठता लेख जपून ठेवण्याचं बटण दाबलं आणि चहाला गेला.

फक्त ते बटण जपून ठेवण्याचं नव्हतं. ते प्रसिद्ध करण्याचं होतं. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच रंगाची, एकाच आकाराची. ब्लॉगची ही मागली बाजू त्यानंच रचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉग उघडला तर खाली कॉमेंटचा ढीग. 'कसला आवाज?' 'कुणाचा आवाज?' 'साहेब, लेख कापला गेलाय, पुढचं टाका.' एका बाईनं, जिनं आपलं नाव नुसतंच 'पायरी' असं लिहिलं होतं, विचारलं होतं, 'मी कालपासून पाच वेळा येऊन गेले. दार उघडलं का?'

पिक्सेलनं पुन्हा पुन्हा वाचलं. अख्खा लेख बटणाबद्दल होता आणि एकानंही बटणाबद्दल विचारलं नव्हतं. आकड्यांची रेघ मात्र, जी महिनोन्‌महिने झोपलेल्या माणसासारखी आडवी होती, ती उठून उभी राहिली होती.

"बाबा, त्या बँकेच्या दाराचं पुढं काय झालं?"

मिस्त्री पेपरातून डोळे न काढता म्हणाले, "तुला काय करायचंय? तू कामात असतोस."

"सांगा की."

"झाडूवाली बाई होती. ती आतून म्हणाली, साहेब, सोडा की. मॅनेजरनं सोडलं. दार उघडलं आणि बाहेरची अख्खी रांग गडगडत उतारावरून थेट बाजारात. दार उघडं, पण आत यायला गिऱ्हाईकच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजर पट्टी घेऊन माझ्याकडे हजर."

"हे खरं घडलं?"

"दार खरं आहे," मिस्त्री म्हणाले. "बाकीचं फिटिंग."

पिक्सेलनं उरलेलं टाकलं, आणि लोक परत आले.

मग ते रोजचंच झालं. मिस्त्री सांगत, पिक्सेल टंकत असे, ऐन वेळी चहाची हाक जाई, अर्धं आज आणि अर्धं उद्या. पान उघडायला वेळ लागला की वाचक निघून जातो हे सांगायला मिस्त्रींचं एक दार आलं. ते इतकं जड होतं, की आत शिरेपर्यंत नवरदेवाची दाढी वाढली आणि सासऱ्यानं त्याला ओळखलंच नाही. वाचकाला कुठं जायचं ते नीट दाखवावं, यासाठी एक दवाखाना आला. तिथली सगळी दारं एकसारखी, आणि दात काढायला गेलेला माणूस कडेवर बाळ घेऊन बाहेर पडला. "ते बाळ आता इंजिनिअर आहे," मिस्त्री शपथेवर सांगत. कुणाच्या शपथेवर, ते सांगत नसत.

कामंही येऊ लागली. फोनवर लोक विचारत, "तुम्हीच का ते, ज्यांचे वडील दारवाले?" पिक्सेल हो म्हणे, आणि फोन ठेवल्यावर आपण नक्की कशाला हो म्हणालो याचा विचार करत बसे. त्यानं एकदा 'पायरी'ला विचारलं, तुम्ही वेबसाइट करायला कुठवर शिकलात? तिचं उत्तर आलं, 'मी कुठं शिकतेय. मी दातांची डॉक्टर आहे. त्या बाळाचं ऐकून माझे पेशंट दार नीट बघून आत येतात.'

यानं तो पुरताच गोंधळला. ब्लॉग वेबसाइटबद्दल, येणारे दारांसाठी, लिहिणारा मुलगा, बोलणारा बाप. मग हा ब्लॉग कुणाचा आणि आपण यात कोण? एक आठवडा त्यानं मुद्दाम दार घेतलंच नाही. अक्षरांच्या वळणावर मनापासून एक लेख लिहिला, आजवरचा त्याचा सगळ्यात चांगला. त्याखाली एकच ओळ आली: 'मिस्त्री बरे आहेत ना?'

दाजींनी काउंटरचा विषय काढणं सोडलं, पण गप्प कसे बसतील. "पिक्सेलराव, दुकान चाललंय खरं. पण माल म्हाताऱ्याचा हं."

"माहीत आहे, दाजी."

"म्हातारा किती दिवस पुरणार?"

आईनं आतून भांडं जरा जोरात ठेवलं. दाजी चहा न घेता गेले.

शेवटची गोष्ट मिस्त्रींनी एका ढगाळ दुपारी सुरू केली. त्या दिवशी ते जरा हळू बोलत होते.

"एकदा एक माणूस आला. म्हणाला, दार पाहिजे. मी म्हटलं, माप द्या. म्हणाला, माप नाही, अजून घर नाही. मग घर झाल्यावर या. तर म्हणाला, नाही मिस्त्री, आधी दार. दार असलं की घर कुठं जातंय. मला माणूस आवडला. मी सागवान निवडलं, असं दार केलं की रंध्याला हात जोडावेत. तो ते खांद्यावर टाकून घेऊन गेला आणि मोकळ्या माळावर चौकटीसकट उभं केलं. मागं भिंत नाही, पुढं भिंत नाही. मधे दार. पण लोकांची गंमत बघ. आजूबाजूनं जायला सगळा माळ मोकळा, तरी जो तो चपला काढून दारातूनच जायचा. आत गेल्यावर बसायचे. हळू आवाजात बोलायचे. पोरं भांडली तर बाया म्हणायच्या, घरात नाही, बाहेर जा."

पिक्सेल टंकत होता. आई दाराला टेकून उभी होती.

"मग एके दिवशी दार लावलेलं होतं. मी तिकडून चाललो होतो. माळावर चिटपाखरू नाही. आणि त्या दारावर," मिस्त्रींनी मुलाच्या टेबलावर बोटानं वाजवलं, "आतून टकटक झाली."

"आतून म्हणजे कुठून?" पिक्सेल म्हणाला. "आत-बाहेर आहेच कुठं त्याला?"

"तेच तर," मिस्त्री म्हणाले. "अगं, चहा…"

आई गेली. चहा आला. मिस्त्रींनी तो प्यायला, आणि म्हणाले, "आज दम लागतोय. उरलेलं उद्या."

पिक्सेलनं टकटकीपर्यंतचं त्याच संध्याकाळी ब्लॉगवर टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्रींना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ते परत आले नाहीत.

घरात जे व्हायचं ते सगळं झालं. माणसं आली, बसली, गेली. पिक्सेलनं ब्लॉग उघडला तेव्हा टकटक झालेल्या दाराखाली कॉमेंट इतक्या साचल्या होत्या, की खाली उतरता उतरता बोट दुखलं. 'कोण होतं?' 'आज तरी टाका.' 'आमच्या ऑफिसात यावरून दोन तट पडलेत.' 'पायरी'नं लिहिलं होतं, 'घाई नाही. पण मी रोज येऊन दार बघून जाते.'

दाजी म्हणाले, "सांगून टाक, गेले म्हणून. लोक समजून घेतील. आणि मग ये दुकानात, मन रमेल." यावेळी ते पिक्सेल म्हणाले नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं.

सांगायला हरकत नव्हती. पण सांगितलं की लोक हळहळतील, चार चांगले शब्द लिहितील आणि जातील. मग आडवी रेघ आणि दाजींचा काउंटर. आणि दुसरं एक होतं, जे त्याला नीट मांडता येत नव्हतं. दारावर कुणीतरी टकटक करत होतं आणि आपण ते तसंच आत ठेवून निघून जायचं, हे बरं दिसत नव्हतं.

तो आईकडे गेला. आई बापाचे चष्मे पुसून एका डब्यात ठेवत होती.

"आई, त्या माळावरच्या दाराचं पुढं काय? आत कोण होतं?"

"मला काय माहीत."

"तू शंभरदा ऐकली असशील."

"शंभरदा ऐकली. टकटक होईपर्यंत." आईनं डब्याचं झाकण लावलं. "पुढं मी चहा करायला जायचे."

पिक्सेल तिच्यासमोर खाली बसला.

"सगळ्याच गोष्टींचं तसं," आई म्हणाली. "ह्यांच्या एकाही गोष्टीचा शेवट मला ठाऊक नव्हता. मी कप घेऊन यायचे तोवर ऐकणारे हसून डोळे पुसत असायचे. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, झालं की सांगून. बँकेचं दार उघडलं हे मला तुझ्या त्या ब्लॉगवर कळलं. म्हणून तर रोज उघडायचे."

आपला सगळ्यात जुना वाचक भिंतीपलीकडे बसला होता आणि आपण काळ्या-पांढऱ्याचा घोळ घालत होतो, हे पिक्सेलला आत्ता कळत होतं. आणखी कळत होतं ते असं, की शेवट आता कुणाकडेच नाही.

दोन दिवस तो टेबलाशी बसून राहिला. मग त्याला जे माहीत होतं ते त्यानं लिहिलं. लहानपणी त्यानं तो माणूस पाहिला होता. किडकिडीत, हातात कापडी पिशवी. दार सांगून गेला. मिस्त्रींनी ते केलं. माणूस आलाच नाही. त्याचं घर झालं नाही, का झालं नाही ते कुणी विचारलं नाही. दुसरं गिऱ्हाईक ते दार मागायला आलं तर मिस्त्री म्हणत, ते गेलेलं आहे. वर्षानुवर्षं ते भिंतीला टेकून उभं होतं, आणि मिस्त्री दर पावसाळ्यानंतर त्याला तेल लावत. नोकरी सोडून मुलगा घरी आला, त्या दिवशी त्यांनी ते आडवं केलं आणि म्हणाले, 'बस इथं.' मी हे लिहितोय ते त्याच दारावर, असं लिहून त्यानं लेख संपवला. त्याचेच डोळे भरून आले. पण त्यात माळ नव्हता, चपला नव्हत्या, आणि टकटक कुणी केली ते तर नव्हतंच. तरी त्यानं वर लिहिलं, 'मिस्त्रींनी सांगितलेला शेवट.'

पण बटण दाबण्याआधी त्यानं आईला बोलावलं आणि वाचून दाखवलं. आई स्टुलावर बसून ऐकत होती. मान खाली, हात मांडीवर. वाचून झालं.

"हे ह्यांचं नाही," आई म्हणाली.

"कशावरून?"

"चांगलंय. पण ह्यांचं नाही. यात नुसतं दार आहे." तिनं मान वर केली. "फिटिंग कुठंय?"

पिक्सेलनं लेख पुन्हा वरपासून पाहिला. मग त्यानं 'मिस्त्रींनी सांगितलेला शेवट' ही ओळ पुसली. कॉम्प्युटर बाजूला सरकवला. दारावर दोन्ही हात पसरून ठेवले, आणि कुलपाच्या भोकातून खाली जाणाऱ्या वायरीकडे पाहत राहिला. घसा कोरडा पडला होता.

"चहा करू?" आईनं विचारलं आणि तिचं तिलाच हसू आलं. "नाही. आज मी उठायची नाही. तू सांग."

"माळावर चिटपाखरू नव्हतं," पिक्सेल म्हणाला. आवाज बरोबर लागत नव्हता. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "माळावर चिटपाखरू नव्हतं, आणि दार होतं केवढं, तर…" त्यानं हात पसरले. ते आणखी लांब गेले असते, पण खोली लहान होती. "एवढं. बिजागरी एकेक ह्या स्टुलाएवढी. मिस्त्री म्हणाले, कोण आहे? आतून परत टकटक. मिस्त्रींनी पाय रोवून कडी काढली. अशी करकर झाली, की गावातल्या म्हशी आटल्या. दार उघडलं. आणि बघतात तर आत एक बाई उभी. हातात कपबशी. डोळ्यांत अंगार. म्हणाली, कधीची उभी आहे मी इथं, शेवट काय तो सांगा एकदाचा, चहा गार होऊन त्यावर साय धरली."

"साफ खोटं," आई म्हणाली. "ह्यांचा चहा मी एकदाही गार होऊ दिला नाही."

आणि तिनं स्टूल ओढून टेबलाजवळ घेतलं.